उलगडा आणि कुकर

“भुताला घाबरतेस का?”

खोली बघायला आलेल्या मुलीला घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर तोंडपाठ झालं होतं. नोकरी कुठे, लग्न कधी, मासे करणार का, कोणी भेटायला येणार का. कोपरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी यातलं काही विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि थेट हाच प्रश्न टाकला. मी खरं ते सांगून टाकलं. मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं तरी सोबत लागते. घाबरते म्हणजे काय, व्यवस्थित घाबरते.

“वा! म्हणजे संस्कार आहेत,” काका म्हणाले आणि आत वळून ओरडले, “अगं, मिळाली!”

आतून हात पुसत काकू आल्या. मला खालपासून वरपर्यंत बघून हसल्या. “आधीचा मुलगा चांगला होता हो,” त्या म्हणाल्या, “पण इंजिनिअर. कशालाच घाबरायचा नाही. ह्यांची फार पंचाईत व्हायची.”

पंचाईत कसली ते पहिल्याच शनिवारी कळलं. संध्याकाळी मला बाहेरच्या खोलीत बोलावण्यात आलं, माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावण्यात आला आणि काकांनी कागदांची चळत काढून भुताची गोष्ट वाचायला सुरुवात केली. करोनाच्या काळात घरोघर एकेक ऑक्सिमीटर येऊन पडला. बाकीच्यांचे नंतर ड्रॉवरमध्ये गेले. काकांच्या ऑक्सिमीटरला मात्र नोकरी लागली. ऑक्सिजनशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांना हवी होती नाडी. कुठल्या वाक्याला नाडी किती चढली ते मान वाकडी करून बघायचे आणि समासात पेन्सिलीनं छोटासा बाण काढायचे. भीती मोजल्याशिवाय भयकथा लिहिणं हा त्यांच्या मते निव्वळ हलगर्जीपणा होता.

काका मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नाक कामावरच होतं. जिन्यात शिरताच कोणाकडे भिंतीला ओल आहे, कोणाचा गॅस गीझर नीट जळत नाही, हे सांगायचे. खिशात टॉर्च, टेस्टर आणि एक छोटा पाना कायम असे. लग्नाला गेले तरी असे. एकदा एका रिसेप्शनला नवरानवरीच्या मागचे दिवे लुकलुकायला लागले, तर आहेर देऊन झाल्यावर हे स्टेजच्या मागूनच उतरले आणि जोडणी करून आले. काकू तोवर फोटोत एकट्याच.

आणि हा माणूस भुतं लिहायचा. अगदी मनापासून लिहायचा. पण त्यांच्या गोष्टीत शेवटच्या पानावर एक प्रकार यायचा, त्याला ते ‘उलगडा’ म्हणत. पांढऱ्या साडीतली बाई निघायची मिठागरावरच्या धुक्यात अडकलेला मोटारीचा उजेड. कुजबुज निघायची गटारातल्या वायूची. एका गोष्टीत आख्खं कुटुंब महिनाभर मेलेल्या आजोबांना बघत असतं, आणि शेवटी कळतं की बाथरूममधल्या गीझरचा विषारी वायू घरात साठत होता. ती गोष्ट ऐकून मी भुतापेक्षा गीझरला जास्त घाबरायला लागले आणि कित्येक आठवडे गार पाण्यानं आंघोळ केली.

“भयकथेत नेहमी दोन माणसं असतात,” काका समजावत. “एक डॉक्टर आणि एक म्हातारी. बंगला कुठलाही असू दे, वटवाघळं किती का असेनात. डॉक्टर म्हणतो, वारा आहे. म्हातारी म्हणते, ती आली. मग गोष्टभर दोघांचं भांडण. गोष्ट संपते तेव्हा दोघांतलं एक चुकलेलं असतं. बाकीचे लेखक लबाड. डॉक्टरला चूक ठरवतात नाहीतर गोष्ट मधेच सोडून पळतात. उलगडा न करता भूत सोडून देणं म्हणजे गॅस चालू ठेवून घराबाहेर जाणं.”

“आणि तुमच्या गोष्टीत दर वेळी म्हातारीच कशी चुकते?” काकू विचारत.

“कारण ती चूक असते.”

काकूंचा सगळ्यावर विश्वास होता. अमावास्येवर होता, मीठ-मोहरीवर होता, दाराच्या लिंबामिरचीवर होता. घरात काही बिघडलं की काका पाना शोधायचे आणि काकू लिंबू. दोघंही एकाच ड्रॉवरमध्ये शोधत, त्यामुळे भांडण तिथूनच सुरू होई. तरी भुताच्या गोष्टींना काकूंसारखा श्रोता नव्हता. निवडायची भाजी मांडीवर तशीच ठेवून तोंडाला पदर लावून ऐकत बसायच्या. भूत आलं की “अगंबाई” म्हणायच्या. भुतावर अन्याय झालेला असला तर डोळे पुसायच्या. त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची गरजच पडत नसे.

आणि उलगडा सुरू झाला की उठायच्या.

“आता तुमचं शास्त्र सुरू झालं. मी कुकर लावते.”

“अगं, शेवटचं एकच पान आहे.”

“भूत होतं तोवर गोष्ट होती. पुढे नुसतं प्लंबिंग.” आणि स्वयंपाकघराच्या दारातून, “बिचारी एवढ्या लांबून आली, तिला तुम्ही पाइप म्हणता. कशाला थांबेल ती?”

मग काका उलगडा मला वाचून दाखवत आणि पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत. माझी नाडी पार जमिनीला लागलेली असे. तेही ते प्रामाणिकपणे पाहत आणि समासात खाली जाणारा बाण काढत. प्रयोग विरोधात गेला तरी नोंद खोटी करायची नाही, हा कारखान्यातला शिरस्ता.

काकांना आयुष्यात फार काही नको होतं. पुरस्कार नको होता, पुस्तकही निघालं नाही तर चालणार होतं. त्यांना एवढंच हवं होतं की काकूंनी एकदा, एकदा तरी, शेवटच्या पानापर्यंत बसावं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पण कुकरचं झाकण वाजलं की त्यांचा आवाज जो खाली यायचा, तो ऐकून कोणालाही कळलं असतं.

त्यांच्या गोष्टी सहसा कुठे छापून येत नसत. डोंबिवलीतल्या एका संपादकांनी मात्र एका वर्षी दिवाळी अंकात गोष्ट घेतली. अंक तसा घरगुतीच, निम्मा जाहिरातींचा. गोष्ट आमच्याच इमारतीवर बेतलेली होती. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक ओलेती बाई असते आणि कोणी पाणी सोडायला आलं की ती आतून टाकीवर धपधप हात मारते. आमच्या गच्चीवर तसा आवाज खरंच यायचा. पंप बंद झाला की पाइपमधून तीनदा धप्प. शेवटच्या पानावर काकांनी त्याचा रीतसर उलगडा केला होता: झिजलेला व्हॉल्व्ह, उलटं येणारं पाणी, त्याचा पाइपला बसणारा दणका.

अंक आला. काकांनी तो सगळ्या इमारतीत वाटला आणि मगच उघडून पाहिला. गोष्ट छापली होती, चित्रही बरं होतं. डाव्या पानाच्या तळाशी शेवटचं वाक्य होतं: “आणि टाकीचं झाकण आतून उघडलं.” उजव्या पानावर, जिथं उलगडा असायला हवा होता तिथं, भाजणीची जाहिरात होती. ‘खुसखुशीत चकलीची खात्री.’

काकांनी संपादकांना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला काकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ऐन वेळी जाहिरात आली, पान हवं होतं, आणि गोष्ट तर झाकण उघडलं तिथंच संपली होती ना? संपादकांना ते पान जास्तीचं वाटलं होतं. वर त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षीही असंच शेवट न केलेलं काहीतरी देता का.

पुढच्या आठवड्यात जे झालं ते काकांच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. लोकांनी त्यांना वाटेत थांबवलं. बँकेतली मुलगी म्हणाली, सर, रात्री दिवा लावून झोपले. न्हाव्यानं गोष्ट दुकानात मोठ्यानं वाचून घेतली. आणि काकूंनी पहिल्यांदाच गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एका बैठकीत वाचली, अंक मिटला आणि म्हणाल्या, “छान जमलीय हो.”

काका खिडकीपाशी उभे होते. किती तरी वेळ पान्याशी खेळत राहिले.

रात्री काकूंनी त्यांची दृष्ट काढली. एवढं कौतुक झालं म्हणजे लागलीच असणार. काकांनी विरोध केला नाही, फक्त ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावून बसले. मीठ-मोहरी ओवाळून होईपर्यंत नाडी चांगली उतरली. काका अस्वस्थ झाले. यंत्र झटकून पाहिलं, दुसऱ्या बोटाला लावलं.

“हे मिठानं नाही,” ते शेवटी म्हणाले. “तू जवळ उभी होतीस म्हणून उतरली असेल.”

“मग तेच ना!” काकू म्हणाल्या.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी इमारतीचं पाणी गेलं. आमच्याकडे पाणी सोडायला रमेश यायचा. जन्मापासून कोपरीतला, उंचापुरा, सगळ्या इमारतींच्या टाक्या त्याच्याकडे. तो खाली पंप लावायचा आणि मग गच्चीवर जाऊन एकेका बाजूचं पाणी सोडायचा. त्या दिवशी तो गेटाबाहेरच उभा राहिला.

“मी वरती नाय जानार, काका.”

“का रे?”

“तुमीच लिवलंय ना, झाकन आतून उघडलं म्हनून. बायकोनी वाचून दाखवलं. ती बोलली, गेलास तर परत घरात घेनार नाय.”

“अरे, ती गोष्ट आहे. मी रचली ती.”

“आवाज पन तुमीच रचला काय? तो तर मी रोज ऐकतो.”

याला काकांकडे उत्तर होतं, पण ते भाजणीखाली गेलं होतं.

सुरेखाताई तिसऱ्या मजल्यावरच्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आणि सोसायटीच्या सेक्रेटरी. सकाळी त्यांच्याकडे बुद्धवंदना लागायची, त्यावर मी ऑफिसची वेळ लावत असे. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

“काका, आमच्या घरात भूत नाही, देवही नाही, आणि तुमच्या कृपेनं आता पाणीही नाही. मी लहानपणापासून ऐकत आले, शिकलेल्या माणसानं लोकांची भीती घालवायची. तुम्ही शिकून ती छापून आणलीत?”

काका एवढेसे झाले. त्यांना काहीही म्हटलेलं चालत असे, पण हे नाही. “रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलवा,” ते म्हणाले. “मी उलगडा वाचतो.”

रविवारी सकाळी दहाच्या उन्हात सगळी इमारत गच्चीवर जमली. एवढी सोबत बघून रमेशही वर आला; त्याला टाकीपासून लांब खुर्ची दिली आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला. काकांनी घसा साफ केला आणि न छापलेलं पान वाचायला घेतलं. मी काकूंकडे बघत होते. व्हॉल्व्हचा पहिला उल्लेख आला तशा काकू उठल्या. “कुकर?” मी हळूच विचारलं. “पाणी कुठंय कुकरला?” असं म्हणून त्या पुन्हा बसल्या. नाइलाज म्हणून का होईना, बसल्या. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज असा काही खुलला की मधल्या एका परिच्छेदाला तीनचार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वाचन संपलं. काकांनी पाइप दाखवला, व्हॉल्व्ह दाखवला, खाली पंप लावून बंद करायला लावला. तीनदा धप्प झालं. “हा दणका. पाण्याचा. कळलं?”

“कळलं की,” रमेश म्हणाला. “एकदम बरोबर हाय. पन काका, ती असती तर तिनी पन असाच आवाज केला असता ना?”

काका तोंड उघडून बघत राहिले. एवढी वर्षं भुतांशी झगडलेला माणूस, पण हा प्रश्न त्यांना कोणत्याही भुतानं घातला नव्हता. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, खिशातून पाना काढला, रमेशला नवीन व्हॉल्व्ह आणायला पिटाळलं आणि पाइपाखाली सरळ आडवे झाले. तासाभरानं बाहेर आले तेव्हा मिशीला गंज लागला होता. पुन्हा पंप लावला, बंद केला. धप्प झालं नाही. परत केलं. नाही.

रमेशनं चपला काढल्या आणि हात जोडले. “गेली.”

“अरे, व्हॉल्व्ह बदलला!”

“व्हय, पन गेली ना?”

“सुटली हो बिचारी,” काकू पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. “तुमच्या हातून गती मिळायची होती तिला.”

सुरेखाताईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या काका. रमेश, पाणी सोड आधी.”

रमेशनं पाणी सोडलं, संध्याकाळी नारळ आणून दिला, आणि जाईल त्या इमारतीत सांगत सुटला की कोपरीत एक म्हातारा आहे, मंत्र-बिंत्र काही नाही, नुसता पाना लावतो आणि भूत जातं. लोक यायला लागले. एकाच्या घरी रात्री पंखा आपोआप सुरू होई, एकाच्या माळ्यावर कोणी चालत असे. काका सगळ्यांकडे गेले. नाही कसं म्हणणार? त्यांना वाटायचं, एकेक उलगडा होतोय, एकेक घर शहाणं होतंय. घरचे लोक हळदकुंकू लावून नारळ देत आणि म्हणत, बाबांचा हात फार कडक आहे.

टिटवाळ्याला रमेशच्या मेव्हण्याच्या नव्या इमारतीत लिफ्ट न बोलावता पाचव्या मजल्यावर यायची आणि दार उघडायची. आत कोणी नाही. आम्ही तिघं गेलो. “मी गणपतीला जाऊन येते, तुम्ही भूत बघा,” असं म्हणून काकू स्टेशनवरूनच देवळाकडे वळल्या. काकांनी शोधलं तर पाचव्या मजल्यावरचं बटण दमटपणामुळे आतच चिकटत होतं. साफ केलं, लिफ्ट शहाण्यासारखी वागू लागली. शाल आली, नारळ आला, “मांत्रिकबाबा” म्हणून फोटो काढणं झालं. “मी मांत्रिक नाही, केमिस्ट आहे,” काका कळवळून सांगत होते. एवढ्यात त्यांचं लक्ष लिफ्टच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक ताजं लिंबू होतं.

“हे कोणी ठेवलं?”

काकू देवळातून परत आल्या होत्या आणि पाचव्या मजल्यावरून दिसणारे डोंगर फार लक्ष देऊन बघत होत्या.

“अगं, आता यांना कसं कळणार बटणानं झालं की लिंबानं?”

“नाहीच कळणार,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर दोन्ही करायचं असतं.”

कोपरीपर्यंत काका ते लिंबू हातात फिरवत बसले. दारात पोचल्यावर मात्र खोखो हसत सुटले. त्या दोघांचं भांडण मी रोज ऐकलं, पण इतकं एकमेकांत गुंतलेलं जोडपं मला पुन्हा दिसलं नाही.

माझं लग्न झालं आणि मी मानपाड्याला राहायला आले. काकू गेल्या त्या पावसाळ्यात. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि घरी आल्याच नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा काका नीट बोलले, चहा केला, डॉक्टरांनी सांगितलेलं कारणही व्यवस्थित समजावून सांगितलं. उलगडा पूर्ण होता. त्यात कुठेही फट नव्हती. मला फार रडू आलं, आणि काकांनी मला पाणी आणून दिलं.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. नवी गोष्ट झालीय, शनिवारी ये. मी गेले. तीच खुर्ची, बोटाला तोच ऑक्सिमीटर. गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. बायको गेलेली, घरात एकटा. संध्याकाळी तो खोलीत वाचत बसला की स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात. कसला धक्का नाही, किंकाळी नाही. म्हातारा रोज वाचता वाचता थांबतो, ऐकतो आणि पुन्हा वाचायला लागतो. शेवटी एके दिवशी कागदातून मान वर न करता तो विचारतो, “आलीस?”

काका थांबले. मी वाट बघत राहिले.

“शेवटचं पान?” मी विचारलं. “पुन्हा भाजणीखाली गेलं की काय?”

काका काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. किणकिण. बारीक, अगदी काचेच्या बांगड्यांसारखा. ऑक्सिमीटरवरचा आकडा भरभर चढला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण मीही त्याच घरात तयार झालेली. उठले आणि आत गेले. मला फार शोधावं लागलं नाही. फ्रिज सुरू झाला होता आणि वर ठेवलेल्या दोन काचेच्या बरण्या एकमेकींना टेकून थरथरत होत्या. मी पर्समधून एक कागद काढला, घडी केली आणि दोन बरण्यांमध्ये सरकवणार, तोच मागून आवाज आला.

“राहू दे.”

काका दारात उभे होते.

“काका, बरण्या आहेत नुसत्या.”

“लिंबाचं लोणचं आणि मोरावळा. तिनं केलेला. कॉम्प्रेसर सुरू झाला की वाजतात. मला पहिल्याच दिवशी सापडलं ते.”

“मग गोष्टीत लिहिलं का नाहीत? एवढा सरळ उलगडा आहे.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“तुला माहितीय ना, उलगडा सुरू झाला की ती उठून जायची.”

मला माहीत होतं. मी कागदाची घडी पर्समध्ये परत टाकली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. बरण्या वाजत होत्या. बाहेर अंधारून आलं होतं आणि त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

“काका, कुकर लावू का?”

“थांब जरा,” ते म्हणाले. “अजून चालू आहे.”